रस्ता पात्र ठरत नाही

बुधाजी तायडे यांनी अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवले. कुणाची सही भलत्याच रकान्यात, कुणाची तारीखच नाही, कुणी कागदाची मागची बाजू कोरी सोडलेली. बुधाजी लाल पेनाने वर 'मागे पहा' असं लिहायचे आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवायचे. त्यात दुष्टपणा नव्हता. अर्ज नीट असावा एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा होती आणि आयुष्याने ती कधी पुरी केली नव्हती. म्हणून निवृत्त होऊन अकोल्याला, जठारपेठेमागच्या आपल्या घरी येऊन बसल्यावर जेव्हा त्यांच्यावरच अर्ज करायची वेळ आली, तेव्हा त्यांना मनातून बरंच वाटलं. अर्ज कशाला म्हणतात ते आता या शहराला दाखवू, असं ते बायकोला म्हणाले.

अर्जाचं कारण कढीगोळे होते.

बुधाजींच्या घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे गयासुद्दीनचं घर. गयासुद्दीनचं कूलर दुरुस्तीचं दुकान घरातच. त्याची बायको नसीमबानो आणि बुधाजींची बायको सुंदराबाई यांची तीस वर्षांची मैत्री. बुधाजी अमरावतीला नोकरीवर, शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे. मधले पाच दिवस सुंदराबाईने नसीमबानोच्या ओट्यावर काढले, तिथेच भाज्या निवडल्या, तिथेच पोरांचे निकाल ऐकले, तिथेच सासूचं दुःखही रडून घेतलं. अलीकडे नसीमबानोचे गुडघे गेले होते. ओट्याच्या तीन पायऱ्या उतरणं तिला जमत नव्हतं. त्यामुळे रोज संध्याकाळी सहा वाजता सुंदराबाईच रस्ता ओलांडून जायची.

सुंदराबाईला काचबिंदू होता. समोरचं तिला स्वच्छ दिसायचं, अगदी नसीमबानोच्या कानातली रिंगसुद्धा. बाजूचं मात्र काही दिसायचं नाही. आणि रस्त्यावरच्या गाड्या, आता काय सांगावं, बाजूनेच येतात.

पूर्वी त्याचं काही बिघडत नव्हतं, कारण त्या रस्त्यावरून दिवसाकाठी एक दूधवाला आणि दोन बकऱ्या जायच्या. मग लोकांच्या मोबाईलमधली ती रस्ता सांगणारी बाई आली. मोठ्या रस्त्यावर जरा गर्दी झाली की ती बाई सगळ्यांना सांगायची, डावीकडे वळा. डावीकडे बुधाजींचं घर होतं. शिकवणीला जाणारी पोट्टी, पाण्याच्या कॅनचे टेम्पो, शाळेच्या व्हॅन, रेतीचे ट्रॅक्टर असे सगळे बुधाजींच्या फाटकापुढून सुसाट जायला लागले. बुधाजी त्या बाईवर फार चिडून होते. तिचा पत्ता मिळाला असता तर त्यांनी तिलाही एक अर्ज केला असता.

तर एका संध्याकाळी सुंदराबाई कढीगोळ्यांचं पातेलं घेऊन पलीकडे निघाली आणि एका मोटारसायकलचा आरसा तिच्या कोपराला लागला. ती पडली नाही. पातेलं पडलं. गोळे गटारापर्यंत घरंगळत गेले आणि कढी रस्ताभर झाली. मोटारसायकलवाला थांबलासुद्धा नाही, मागे वळून नुसता ओरडला, "काकू, दिसत नाई का?"

खरं तर तेच होतं. तिला दिसत नव्हतं. पण ते असं भर रस्त्यात ओरडून सांगायची गरज नव्हती, असं बुधाजींना वाटलं. ते तडक घरात आले, चष्मा लावला आणि 'विषय : आमच्या घरासमोरील रस्त्यावर गतिरोधक मिळणेबाबत' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

गतिरोधकाला अकोल्यात कुणी गतिरोधक म्हणत नाही, ब्रेकर म्हणतात. पण अर्जात ब्रेकर लिहिणाऱ्यांचे अर्ज बुधाजींनी स्वतः परत पाठवले होते.

महापालिकेच्या कार्यालयात रागिणी नावाची तरुण इंजिनिअर होती. तिने अर्ज वाचला. "काका, किती सुंदर अर्ज आहे," असं म्हणाली आणि परत दिला. बुधाजी पाहतच राहिले.

"साध्या अर्जावर गतिरोधक देता येत नाही, काका. आता निकष आले आहेत. रस्ता पात्र ठरावा लागतो. गल्लीतल्या दोनतृतीयांश घरांच्या सह्या. गर्दीच्या तासाला निदान दीडशे गाड्या. आणि वेग. शंभरातल्या पंधरा तरी गाड्या चाळीसच्या वर पळाल्या पाहिजेत. हा नमुना घ्या."

"आन् पळाल्या नाईत तं?"

"तर मग रस्ता शांत आहे. शांत रस्त्याला गतिरोधक कशाला?"

"पोरी, माह्या बायकोच्या हाताले लागलं."

"पोलिसात नोंद आहे?"

"कढी सांडली म्हनून कोन पोलिसात जाते?"

रागिणीचा चेहरा खरोखर पडला. "माझ्या हातात असतं ना काका, तर आजच टाकून दिला असता." हे वाक्य बुधाजींच्या चांगल्या ओळखीचं होतं. ते त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूने एकतीस वर्षं म्हटलं होतं. बाहेरच्या बाजूने ते कसं ऐकू येतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं आणि ते नमुना घेऊन मुकाट्याने घरी आले.

गल्लीत घरं चोवीस. म्हणजे सह्या सोळा. बुधाजींना वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. त्याला सतरा दिवस लागले.

ब्रेकर सगळ्यांनाच पाहिजे होता. फक्त आपल्या घरासमोर नको होता. देवरावांनी नुकतीच नवी फरशी बसवली होती, ट्रॅक्टर आदळला की ती तडकेल अशी त्यांना धास्ती होती. एका घरात सून बाळंतीण होती. एका घरातल्या म्हाताऱ्याला ब्रेकर चालणार होता, पण तो दुपारी दोन ते चार काढून ठेवता आला पाहिजे, अशी त्याची अट होती. आणि नत्थुजी. नत्थुजी बुधाजींचे डाव्या हाताचे शेजारी. कुणी विचारो न विचारो, सल्ला देणं हा त्यांचा स्वभाव होता.

"तायडेसाहेब, तुमी अर्जाच्या नादी काहून लागून राहिले जी? मी सांगतो थे करा. फाटकासमोर एक लहानसा ओटा बांधा, शेंदूर फासा, झेंडा लावा. बापजन्मात कोनाची गाडी जोरात जाईल नाई."

"मी बौद्ध आहो, नत्थुजी."

"मंग दुसऱ्या रंगाचा लावा. झेंडा महत्त्वाचा."

"मी कायद्यानं काम करतो."

"तुमची मर्जी. मंग रस्त्यात एक खड्डा तरी खोदा. खड्ड्याले सही लागत नाई."

हे मात्र खरं होतं. बुधाजींनी त्यावर दोन दिवस विचारही केला. पण खड्ड्यात पहिली सुंदराबाईच पडेल हे ध्यानात आल्यावर तो विचार त्यांनी सोडला. नत्थुजींनी सही केली, पण सहीखाली 'माझ्या घरापासून शंभर फुटांवर' असं लिहिलं. शंभर फुटांवर देवरावांची फरशी होती. देवरावांनी लिहिलं, 'दीडशे'. असं करत करत तो ब्रेकर गल्लीच्या बाहेर पार पोस्टाच्या पेटीपर्यंत गेला.

शेवटी गयासुद्दीन आपल्या दुकानातून हात पुसत आला. "लाओ, कागद इकडे. ब्रेकर आमच्या दरवाजापुढं. लिहून घ्या."

"गयासभाई, ट्रॅक्टर जाईल तं तुमचं घर हालंन."

"हालंन तं हालंन. पंचवीस साल से कूलर के बीच में सोता हूं, मले काय फरक पडते? सुंदराभाभी आली नाई तं ही नसीम दिवसभर माह्याशीच बोलते. थे मले सहन होत नाई, साहेब."

आतून नसीमबानोचा आवाज आला, "सुन रही हूं मैं." सुंदराबाई ओट्यावर बसून खूप हसली. अर्जाच्या सगळ्या काळात ती हसली ती एवढीच.

मे महिन्यात पाहणीचं पत्र आलं. अकरा ते एक गाड्या मोजल्या जातील, वेग मोजायचं यंत्र अमरावतीहून येईल, कारण पाच जिल्ह्यांत ते एकच आहे. अमरावतीचं नाव वाचून बुधाजींना उगीचच धीर आला. अकोल्यात त्या आठवड्यात पारा पंचेचाळीसवर होता. बुधाजी म्हणाले, माणसं आपल्या कामासाठी उन्हात उभी राहणार आणि आपण नुसतं पाहत बसायचं? वऱ्हाडातल्या माणसाच्या दारी कुणी उन्हातान्हाचं आलं तर तो त्याला पाणीही न विचारता कसा राहील? इथेच सगळं चुकलं. पण ही चूक ज्याला चूक वाटेल त्याने एकदा मे महिन्यात अकोल्याला येऊन उभं राहावं.

मांडववाल्याकडून कापड आलं. ते फाटकापासून थेट रस्त्याच्या मध्यापर्यंत ताणलं, कारण तेवढं ताणलं तरच सावली पाहणीच्या टेबलापर्यंत पोचत होती. गयासुद्दीनने आपल्या दुकानातला सगळ्यात मोठा कूलर आणून ठेवला. तो लावताच बुधाजींच्या घराचा फ्यूज उडाला. मग गयासुद्दीनने आपल्या घरातून वायर रस्ता ओलांडून आणली. वायरवरून गाड्या गेल्या तर ती तुटेल आणि कुणाला शॉक बसेल, म्हणून त्याने कूलरच्या जुन्या गवताने भरलेली सहा पोती वायरीच्या दोन्ही बाजूंनी रस्ताभर आडवी मांडली आणि वरून सतरंजी अंथरली. काम अगदी चोख झालं. बुधाजींनी स्वतः पाय देऊन पाहिलं.

रागिणी आली आणि तिच्याबरोबर यंत्र धरणारे गोवर्धन आले. गोवर्धन पन्नाशीचे, मुकाट्याने काम करणारे. त्यांना खुर्ची दिली, मठ्ठा दिला, आलूपोहे दिले. ते यंत्र रोखून बसले आणि आकडे सांगू लागले.

"नऊ."

"घ्या ना जी, अजून पोहे घ्या," बुधाजी म्हणाले.

"अकरा. सात. बस, पुरे. आठ."

बुधाजी मठ्ठ्याचा जग घेऊन फिरत होते आणि त्यांच्या मनाला कुठेतरी काहीतरी टोचत होतं, पण काय ते ध्यानात येत नव्हतं. गाड्या येत, मांडव पाहत, सतरंजी पाहत, करकचून ब्रेक मारत आणि पोत्यांवरून हळूच चढून हळूच उतरत. एक गृहस्थ तर स्कूटरवरून खालीच उतरले. त्यांनी चप्पल काढली, बुधाजींचे दोन्ही हात हातात घेतले आणि दबक्या आवाजात विचारलं, "कवा गेले?"

"कोन?"

"नाई, मांडव पाहिला... खुर्च्या दिसल्या..."

"कोनी गेलं नाई. ब्रेकरची पाहनी चालू हाये."

"हां हां," ते गृहस्थ म्हणाले आणि चप्पल घालता घालता पुटपुटले, "पन ब्रेकर तं हाये तुमच्याकडं."

जग बुधाजींच्या हातातच राहिला. रस्ताभर आडवी पडलेली, सतरंजीखाली गुबगुबीत दिसणारी ती सहा पोती त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसली. घड्याळात पावणेएक वाजले होते.

"पोरी, थे पोते आमीच टाकले वं," ते रागिणीला म्हणाले. "कूलरसाठी. तुमाले गरम होईल म्हनून."

रागिणीने पोत्यांकडे पाहिलं, मग कूलरकडे, मग हातातल्या मठ्ठ्याच्या पेल्याकडे. तिला रडू येईल असं वाटलं. "काका, जे दिसलं तेच लिहावं लागतं मला. फार तर पोत्यांचा उल्लेख करीन. पण मग रस्त्यात अनधिकृत अडथळा म्हणून तुमच्या नावाने नोटीस निघेल."

बुधाजींनी पोत्यांचा उल्लेख नकोच म्हटलं. निकाल पंधरा दिवसांनी आला. सरासरी वेग नऊ. रस्ता मुळातच शांत आहे. सहा महिने पुन्हा अर्ज करता येणार नाही. त्या पत्राच्या कोपऱ्यात कुणीतरी त्यांच्यासारख्याच अक्षरात शेरा मारला होता, 'अर्जदाराने सहकार्य केले.'

त्या सहा महिन्यांत गल्लीला बुधाजींची थट्टा करायला एक विषय मिळाला. नत्थुजी तर येताजाता म्हणायचे, "झेंडा लावला असता तं!" बुधाजी हे सगळं गिळायचे. गिळता आली नाही ती दुसरीच गोष्ट. ऑगस्टमध्ये एक शाळेची व्हॅन सुंदराबाईच्या इतक्या जवळून गेली की तिच्या लुगड्याचा पदर व्हॅनच्या दाराच्या कडीत अडकून टर्रकन फाटला. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पुढे जाईना आणि मागेही येईना. गयासुद्दीनने धावत येऊन तिला हाताला धरून घरी पोचवलं. तिने फाटका पदर घडी करून पेटीत ठेवला आणि बुधाजींना म्हणाली, "आता नाई जात मी."

त्या दिवसापासून दोघी आपापल्या ओट्यावर बसायला लागल्या. इकडे सुंदराबाई, तिकडे नसीमबानो, मध्ये तीस फूट रस्ता, आणि दोघींच्या कानाला मोबाईल. गाड्यांच्या आवाजात मोबाईलवरही काही ऐकू यायचं नाही. मग त्या मोबाईल बंद करायच्या आणि नुसत्याच एकमेकींकडे पाहत बसायच्या. पुढे पुढे सुंदराबाई अंधार पडायच्या आधीच आत यायला लागली. जेवण कमी झालं. बोलणं तर त्याहून कमी. बुधाजी तिच्याशी गप्पा मारायला बसायचे, पण त्यांच्याकडे तीस वर्षांचे शनिवार-रविवारच होते. ते लवकर संपायचे.

डिसेंबरात दुसरी पाहणी ठरली, संध्याकाळी पाच ते सात. या वेळी बुधाजींनी मन घट्ट केलं. मांडव नाही, खुर्ची नाही, चहा तर नाहीच. गोवर्धन थंडीत मफलर गुंडाळून उभे राहिले आणि अधूनमधून फाटकाकडे आशेने पाहू लागले. बुधाजींनी मान फिरवली. दारी आलेल्या माणसाला चहा न विचारता उभं ठेवणं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलं.

"बेचाळीस," गोवर्धन म्हणाले.

बुधाजींनी डोळे मिटून घेतले.

"अठ्ठेचाळीस. एक्कावन्न. हा पोट्टा त्रेपन्न."

"शाबास!" बुधाजींच्या तोंडून निघून गेलं. ज्या पोरांना सहा महिने शिव्या दिल्या, त्यांनाच आज ते मनातून आणखी जोरात पळवत होते. एक ट्रॅक्टर हळू आला तर त्यांना त्याचा फार राग आला. सहा वाजेपर्यंत गाड्या दोनशेबारा झाल्या, वेगही भरपूर झाला. त्यांनी घरात डोकावून सुंदराबाईला सांगितलं, "झालं समज. पास झालो." ती बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावत होती. मेणबत्ती लावून झाल्यावर ती येऊन दारात बसली.

बाहेर रागिणीने नमुना उलटला आणि ती थांबली.

"काका, मागची अट."

"कोनती मागची?"

"मागच्या बाजूला चौथी अट आहे. गर्दीच्या तासाला निदान वीस पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडला पाहिजे. मी पाच वाजल्यापासून पाहतेय. एकही नाही."

बुधाजींनी कागद हातात घेतला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात खरोखरच चौथी अट छापलेली होती. हाच नमुना पहिल्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांना 'मागे पहा' सांगणाऱ्या माणसाने स्वतः मागे पाहिलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले.

"पन पोरी, भेतात म्हनून कोनी ओलांडत नाई! ब्रेकर नाई म्हनून ओलांडत नाई!"

"मला समजतंय, काका. पण कोणी ओलांडतच नसेल, तर गतिरोधक कोणासाठी, असं वरचे साहेब विचारतात."

हे तर्काला धरूनच होतं, हे बुधाजींनाही पटलं. ते नत्थुजींकडे धावले. "नत्थुजी, या बरं जरा, रस्ता ओलांडा."

"कुठी जायाचं हाये?"

"पलीकडं. नुसतं जायाचं न् यायाचं."

"पलीकडं मी गाडीनं जातो जी," नत्थुजी म्हणाले. आणि ते खरंच होतं. समोरच्या डेअरीतून दूध आणायला सगळी गल्ली आता गाडीवर बसून चौकापर्यंत जायची आणि तिथून वळून परत यायची. देवरावही तसेच जायचे. ज्यांना गाडी नव्हती त्यांनी समोरचं दूधच सोडलं होतं.

तेव्हा बुधाजी एकटेच रस्त्यात उतरले. वय वर्षं एकसष्ट. एक टेम्पो जाऊ दिला, दोन मोटारसायकली जाऊ दिल्या आणि धावतच पलीकडे पोचले. मग परत आले. मग पुन्हा गेले. शिकवणीची पोरं हॉर्न वाजवून हसत होती. गयासुद्दीनही हातातला पाना टाकून त्यांच्यात सामील झाला, पण त्याचं दुकान पलीकडेच असल्यामुळे गिऱ्हाइकाने हाक मारताच त्याला परत फिरावं लागलं. बुधाजींच्या सात फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला ते नसीमबानोच्या ओट्याला टेकून धापा टाकत ओरडले, "किती झाले?"

रागिणीने रस्त्याच्या पलीकडून जड आवाजात सांगितलं, "एक, काका. तोच माणूस पुन्हा मोजता येत नाही. आणि गयासुद्दीनकाका अर्ध्यातून परत गेले."

एवढं ऐकू येण्यापुरता रस्ता नेमका त्या वेळी रिकामा होता. त्यामुळे ते दारात बसलेल्या सुंदराबाईलाही ऐकू गेलं. ती उठली. पायात चप्पल घातली. फाटकाशी आली.

"मले मोज वं पोरी," ती रागिणीला म्हणाली. "मी दुसरी."

"काकू, नको!"

"सुंदरा, थांब!" बुधाजी पलीकडून ओरडले. "थांब तिथंच, मी येतो!" पण मध्ये गाड्यांची रांग लागली होती आणि त्यांना पाऊल टाकता येईना.

सुंदराबाई निघाली. डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही. पाहून दिसणार काय होतं? ती सरळ समोर पाहत होती, आणि समोर ओट्याच्या कठड्याला धरून नसीमबानो उभी राहिली होती. पाण्याच्या टेम्पोने असा ब्रेक मारला की चार कॅन रस्त्यावर पडले. त्याच्यामागे व्हॅन थांबली. तिच्यामागे मोटारसायकली थांबल्या. दोन्ही बाजूंनी सगळा रस्ता गच्च थांबला आणि त्यातून सुंदराबाई आपल्या नेहमीच्या चालीने चालत राहिली. गोवर्धनांच्या हातातलं यंत्र रोखलेलंच होतं. ते हळूच म्हणाले, "शून्य."

ती पायऱ्यांशी पोचली तेव्हा नसीमबानो तीनही पायऱ्या उतरून खाली आली होती. कशी आली ते तिलाही सांगता आलं नाही. दोघी एकमेकींना धरून तिथेच पायरीवर बसल्या. नसीमबानो सुंदराबाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "पगली आहेस का वं? मरती थी ना आज!" आणि स्वतःच रडत होती. बुधाजीही त्यांच्याशेजारी खाली बसले.

रागिणीने नमुन्यावर दोन लिहिले. सात वाजले. ती रस्त्यापलीकडून काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही, पण बुधाजींना कळलं. वीस पाहिजे होते.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. बुधाजी म्हणाले, "चल, घरी जाऊ. मी हात धरतो."

"नाई."

"रिक्षा आनतो. चौकातून वळून जाऊ."

"समोरच्या घरी रिक्षानं? मी काय पाव्हनी हाये?"

"मंग कशी येशीन?"

सुंदराबाईने डोळे पुसले. "अवो, तिकडं गेली का मले परत इकडं येता यायचं नाई. एकदा आली तेच लय झालं. इकडं आमी दोघी हावो. तिकडं मी एकलीच."

"आन् मी?"

"तुमाले दिसते," ती म्हणाली. "तुमी येत जा."

बुधाजींना वाटलं, रागात बोलली, दोन दिवसांनी येईल. अमरावतीहून लेक दीक्षा येऊन समजावून गेली. नत्थुजींनी सल्ले दिले. गयासुद्दीनने आपली आतली खोली रिकामी करून तिथला पंखा नीट केला आणि म्हणाला, "राहू द्या, साहेब. रस्ता सुधरंन तवा भाभी जाईल." कार्यालयाचं पत्रही आलं. पादचाऱ्यांचं प्रमाण निकषापेक्षा कमी असल्याने रस्ता पात्र ठरत नाही. पुढील अर्ज एक वर्षानंतर. बुधाजींनी कागद उलटून मागची बाजू नीट पाहिली. ती कोरी होती.

आता संध्याकाळची मेणबत्ती बुधाजी लावतात. भाकरी जमत नाही म्हणून भात खातात. सुंदराबाईच्या डोळ्यांत दिवसातून दोनदा थेंब घालावे लागतात आणि ते त्यांच्याच हाताने घालून घ्यायचे असा तिचा हट्ट आहे. म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी सहाला एकदा, खिशात थेंबांची बाटली घेऊन ते फाटकाशी उभे राहतात. पलीकडून गयासुद्दीन हात वर करून ठेवतो, आणि रस्ता मोकळा झाला की हात खाली करतो. मग बुधाजी धावतात. पुढच्या वर्षीच्या अर्जाला पुरावा असावा म्हणून त्यांनी गयासुद्दीनच्या भिंतीवर एक पाटी टांगली आहे. तिच्यावर रोजची तारीख आणि रस्ता ओलांडणाऱ्यांची संख्या ते खडूने लिहितात. नियमाप्रमाणे तोच माणूस दिवसातून दोनदा मोजत नाहीत.

काल संध्याकाळी त्यांनी पाटीवर लिहिलं, हात झटकले आणि बाटलीचं झाकण उघडलं.

"आज किती?" सुंदराबाईने विचारलं.

"एक."

"म्हंजे अजून एकोनीस," ती म्हणाली, आणि थेंबांसाठी मान मागे टाकून डोळे उघडे ठेवून बसली.